चरकाच्या बेल्टवरची जाळी

कुठल्या मशिनला केवढा बेल्ट लागेल, किती लागतील आणि पुली केवढी घ्यायची, हे सांगणं माझा धंदा आहे. कोल्हापुरात उद्यमनगरात माझं लहानसं दुकान आहे. बेल्ट, पुल्या, बेअरिंगं विकतो आणि कुणी विचारलं तर गणित करून देतो. विचारणारे फार थोडे. बहुतेक जण तुटलेला बेल्ट गळ्यात अडकवून येतात आणि म्हणतात, "असलाच द्या." का तुटला विचारलं तर मी त्यांच्या घरातलं भांडण विचारल्यासारखं बघतात. मग मी असलाच देतो. थोड्या दिवसांनी तोच माणूस तसाच तुटलेला बेल्ट घेऊन येतो, बेल्ट बनवणाऱ्याला शिव्या घालतो, आणि मी मान हलवत ऐकून घेतो. माझ्या चिडचिडीची सुरुवात रोज सकाळी दुकान उघडल्यावर अशी होते. पण ती परक्यांवरची चिडचिड असते, संध्याकाळी शटरबरोबर खाली येते.

माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या गुऱ्हाळाचं तसं नव्हतं. तिथला सगळा ड्राइव्ह, म्हणजे मोटरपासून चरकापर्यंतच्या पुल्या आणि बेल्ट, मीच ठरवलेला, मीच बसवलेला.

कागलच्या अलीकडे त्यांचं गाव. गुऱ्हाळ दाजींच्या वडिलांपासूनचं. दिवाळीनंतर सुरू होतं आणि ऊस संपेपर्यंत चालतं. पूर्वी तिथं उसाचा चरक जुन्या डिझेल इंजिनावर चालायचा. इंजिन लांब, चरक लांब आणि मधे चामड्याचा रुंद सपाट पट्टा. चरकात ऊस जास्त गेला की पट्टा पुलीवरून उतरून धप्पकन खाली पडायचा. मग सगळे हसायचे, कुणीतरी तंबाखू मळायचा, दोघं मिळून पट्टा परत चढवायचे. मला ते बघवायचं नाही. प्रत्येक वेळी मी दाजींच्या मागे लागायचो की मोटर घ्या, व्ही-बेल्ट घ्या, जागा वाचेल, पट्टा उतरायची कटकट जाईल. दाजी म्हणायचे, "पडतोय तर पडू दे की. तेवढंच मानसांस्नी इस्वाटा." शेवटी माझ्या तोंडाला कंटाळून त्यांनी होकार दिला.

इथं एक गोष्ट सांगितली पाहिजे, म्हणजे मी इतका का वैतागलो ते कळेल. सपाट पट्ट्यात काही अडकलं तर बऱ्याचदा पट्टा सुटून पडतो. व्ही-बेल्ट पुलीच्या खाचेत पाचरीसारखा बसतो. तो उतरत नाही, ओढत राहतो. हाच त्याचा गुण म्हणून मी दाजींना पटवला होता. आणि त्या बेल्टपासून हातभर अंतरावर अक्काची वाट होती. चरकातून पडणारं चिपाड गोळा करून वाळवायला नेणं हे तिचं काम. काहिलीखालच्या चुलवाणाला, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या चुलीला, तेच जळण. दिवसभरात कितीदा तरी ती मोटर आणि चरक यांच्या शेजारून वाकून जायची, पदर कमरेला खोचलेला, तो कामात सुटलेला, पुन्हा खोचलेला. तो पदर बेल्टमध्ये गेला तर काय होईल, हे मला गणित न करताच कळत होतं. म्हणून मी बेल्टवर लोखंडी जाळी बसवली.

जाळीबद्दल खरं सांगायचं तर ती मी सगळ्यात शेवटी केली. ड्राइव्हच्या गणितावर मी दोन संध्याकाळी घालवल्या. मोटरचे फेरे किती, चरकाला किती पाहिजेत, त्यावरून दोन्ही पुल्यांचा घेर. लहान पुलीला बेल्टची मिठी किती पडते, कारण मिठी कमी पडली की बेल्ट घसरतो. मग मशिनच्या स्वभावाप्रमाणे गणिताला वाढवा द्यायचा. पंख्याला थोडा, दगड फोडणाऱ्या मशिनला जास्त. माझ्याकडच्या तक्त्यात गुऱ्हाळाचा चरक नव्हता. गुऱ्हाळावर ऊस कसा घालतात ते मी लहानपणापासून बघितलेलं, म्हणून मी चरक दगडाच्या रांगेत धरला आणि चार बेल्ट ठरवले. एवढं सगळं झाल्यावर दुकानामागे पडलेली जाळी कापून, पट्टीला वेल्ड करून, चार बोल्टांवर लावून दिली. बेल्टसाठी दोन संध्याकाळी आणि अक्कासाठी एक तास. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नाही.

पहिले काही दिवस सगळं सुरळीत चाललं. दाजी गावात सांगत फिरले की आमच्या पावण्यांनी काम केलंय. मग एका सकाळी त्यांचा फोन आला.

"पावणं, तुमचा बेल्ट वराडतोय."

"वरडतोय म्हणजे?"

"म्हंजे काय, शिट्टी मारतोय. आनि वास सुटलाय, टायर जळाल्यागत."

मी गेलो. बेल्ट घसरत होते यात शंका नव्हती. बाजू चकचकीत झालेल्या, त्यावर चिपाडाचा बारीक भुसा चिकटलेला, पुली हात लावू देईना. पण माझी नजर पहिल्यांदा गेली ती भिंतीला टेकवून ठेवलेल्या जाळीकडे.

"दाजी, जाळी का काढली?"

"बेल्ट तापतोय न्हवं? वारं नको लागाय? आनि राळ टाकायची झाली तर जाळीतनं कशी टाकू?"

घसरणाऱ्या पट्ट्यावर राळेची पूड टाकायची ही जुनी रीत. चालत्या बेल्टवर दाजी मुठीने राळ फेकत होते, आणि त्यांच्या मागून अक्का चिपाडाचा भारा घेऊन वाकून चालली होती. मी मोटर बंद करायला लावली, बेल्ट ताणले, जाळी लावली आणि दाजींना बजावलं की काहीही झालं तरी ही काढायची नाही. बेल्टला तेल, ग्रीस, राळ काही लागू द्यायचं नाही. दाजी म्हणाले, "ऱ्हायलं." दोन दिवसांनी फोन करून विचारलं तर बेल्ट गप्प होता. मला वाटलं, ताण कमी पडला होता. चूक सापडली.

महिना होतो न होतो तोच पुन्हा शिट्टी. पुन्हा वास. पुन्हा जाळी भिंतीला. या वेळी मी दोन्ही पुल्या एका ओळीत आहेत का ते दोरी लावून बघितलं. किंचित फरक होता, तो काढला. बेल्ट दोन दिवसांत गप्प झाले. पुन्हा वाटलं, सापडली. पुढच्या महिन्यात परत तेच. मग मी लांब बेल्ट घेऊन मोटर मागे सरकवली, लहान पुलीला मिठी जास्त मिळावी म्हणून. त्यासाठी पाया नव्याने ओतावा लागला आणि गुऱ्हाळ बंद राहिलं. तोडलेला ऊस वाळत पडला. गुळव्या, म्हणजे काहिलीवर उभा राहून गूळ करणारा माणूस, चुलवाणासमोर मांडी घालून माझ्याकडे बघत होता.

"इंजनाच्या वक्ताला बरं हुतं," तो कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखा म्हणाला. "पट्टा पडायचा, पर फिरून चढायचा."

"मामा, जरा दम काढा."

"माझं काय, मी काढतोय की. उसाला सांगा."

अक्का चहा घेऊन आली. "त्येला काय बोलू नगासा," ती गुळव्याला म्हणाली. "सुट्टीच्या दिवशी येऊन राबतंय बिचारं." ते 'बिचारं' मला जास्त लागलं. तिला वाटत होतं, मी त्यांच्यासाठी धडपडतोय. खरं तर मी जे त्यांच्या गळ्यात मारलं होतं ते निस्तरत होतो. रात्री झोपताना डोळ्यांसमोर बेल्ट यायचा, त्याच्याशेजारी सुटलेला पदर यायचा. बायको म्हणायची, एवढं भ्या वाटतंय तर काढून टाक आणि इंजिन लाव परत. इंजिन भंगारात गेलं होतं. मीच घालायला लावलं होतं.

माझी चिडचिड तेव्हा अशी होती की समोर दिसेल त्याच्यावर जायची. बेल्ट खराब निघालेत म्हणून मी बेल्ट पुरवणाऱ्या माणसाशी भांडलो. दाजी चरकात ऊस जास्त घालतात म्हणून त्यांच्याशी भांडलो. ते म्हणाले, "चरकात ऊस न्हाय घालायचा तर काय घालायचं, जोंधळं?" गणित परत केलं, वाढवा आणखी धरला. उत्तर आलं की चार बेल्ट भरपूर आहेत, तीनही चालतील. उत्तर बरोबर आणि बेल्ट घसरतोय. आमच्या धंद्यात याच्याइतकी वैताग आणणारी गोष्ट नाही. गणित चुकलेलं असतं तर निदान ते सुधारता येतं.

माघातल्या अमावस्येला सोमवार आला. सोमवारी उद्यमनगर बंद असतं. मी ठरवलं, बेल्ट घसरायला लागल्यावर जाण्यापेक्षा चरक सुरू होण्याआधीच जाऊन बसायचं आणि पहिल्या फेऱ्यापासून बघायचं. सकाळी पोचलो तेव्हा चुलवाण पेटलं होतं, गुळव्या काहील घासत होता. ऊस घालणारा गडी चरकाच्या पलीकडे, स्टार्टरजवळ चहा पीत उभा होता. मधे उसाचा ढीग. मी मोटरच्या बाजूने आत गेलो.

जाळी भिंतीला टेकवलेली होती. अक्का पुलीसमोर उकिडवी बसली होती. शेजारी ताटात हळद-कुंकू, फुलं, नारळ आणि गोडेतेलाची वाटी. तिचा उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत बेल्ट आणि पुलीच्या मधे होता. ती एकेक बेल्ट बोटांत धरून त्याला तेल चोळत होती, लहान पोराच्या डोक्याला चोळावं तसं, मुरेपर्यंत.

"वैनी, झालं का? लावू?" ढिगापलीकडून गडी ओरडला.

"थांब," अक्का म्हणाली.

बस्स, एवढीच त्यांची व्यवस्था होती. तो ओरडणार, ती 'थांब' म्हणणार. चुलवाण धडधडत होतं. तो 'थांब' त्याला ऐकू गेला नसता तर किंवा 'लाव' असा वाटला असता तर, हा विचार मी आजही पुढे नेत नाही. मी धावत पलीकडे गेलो, मेन स्विच खाली ओढला आणि परत आलो.

"अक्का, हात काढ."

"आलास व्हय? बस. एकच ऱ्हायलाय."

"हात काढ म्हणतोय न्हवं."

मी अक्काशी आयुष्यात कधी त्या आवाजात बोललो नव्हतो. तिने हात काढला. तेलाने माखलेला, बोटांना कुंकू लागलेलं. काहील घासणाऱ्याचा हात थांबला.

"काय झालं वराडायला?" ती म्हणाली.

"हे काय करतेस?"

"दिसंना व्हय? आवस हाय. पट्ट्याला तेल पाजतोय."

दर अमावस्येला ती हे करत होती. चामड्याचा पट्टा होता तेव्हापासून. तिची सासू करायची, सासूने तिला लावून दिलं. आणि सासू चुकीचं सांगत नव्हती. चामडं कोरडं पडलं की चिरतं, त्याला अधूनमधून तेल द्यावंच लागतं. कुणीतरी कधीतरी ते विसरू नये म्हणून अमावस्येला बांधून टाकलं असणार, आणि मग त्याला हळद-कुंकू लागलं. पण मी बसवलेला बेल्ट रबराचा. रबराला तेल लागलं की ते फुगतं, मऊ पडतं, खाचेत धरत नाही. अमावस्येला तेल, दुसऱ्या दिवशी शिट्टी, मग माझी फेरी. मी येऊन काहीतरी खटपट करेपर्यंत तेल जळून जायचं, बेल्ट गप्प व्हायचा आणि मला वाटायचं, मी दुरुस्त केला. पाया नव्याने ओतला होता मी, गोडेतेलापायी.

मी तिथंच उसाच्या मोळीवर बसलो आणि तिला सगळं सांगितलं. ती ऐकत होती. दाजीही येऊन उभे राहिले.

"मग ह्ये आधी नको सांगायला?" अक्का म्हणाली.

"सांगितलं होतं. दाजींना बजावलं होतं, तेल लागू देऊ नका म्हणून."

"मी कुठं लावतोय?" दाजी म्हणाले. "ही लावतीया."

"तुम्हाला माहीत नव्हतं का?"

"माहीत हाय की. पर ती पूजा हाय. तुमी तेल म्हनला, पूजा कुठं म्हनला?"

मला कुणावर चिडावं ते कळेना. दाजी खोटं बोलत नव्हते. आणि मी, चरकापासून हातभर अंतरावर दिवसभर जी बाई असते, तिला सोडून सगळ्यांशी त्या बेल्टबद्दल बोललो होतो. तिने तो स्वतःच्या हाताने जपला होता, तोही जास्तच मायेनं.

"तू बशीवलायस म्हनून येक आवस चुकीवली न्हाय," ती म्हणाली. "म्हटलं, भावाचं नाव ऱ्हायला पायजे."

मी ताटातली तेलाची वाटी उचलून बाजूला ठेवली.

तेल बंद करायला ती लगेच तयार झाली. पूजा बंद करायला नाही. मी म्हणालो, बाहेरून कर, जाळीवरून. मी जाळीवर एक पत्रा जोडून देतो, गुळगुळीत, त्यावर लाव हळद-कुंकू.

"पत्र्याची पूजा करू व्हय?" ती म्हणाली. "चालवतोय पट्टा आनि कुंकू पत्र्याला?"

"देवघरातल्या फोटोला कुंकू कुठं लावतेस? काचेलाच ना?"

तिने तेलाची बोटं चिपाडाला पुसली. मग गुळव्याकडे बघून म्हणाली, "बगा मामा, शिकलेली मानसं कशी बोलत्यात."

"खरं हाय की त्येचं," गुळव्या म्हणाला. "काच काढून कोन लावतंय."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी नवी जाळी केली. या वेळी घाई केली नाही. अक्काला समोर उभं करून तिचा हात कुठवर पोचतो ते बघितलं, वाकल्यावर पदर कुठं येतो ते बघितलं, आणि जाळी तिथून पुढे आणली. तळाला झाकण दिलं, कारण चिपाड ओढताना ती खालून हात घालते. समोर पत्रा जोडला. चारही बेल्ट बदलले, कारण एकच नवा घातला तर सगळा भार त्या एकावर जातो. दाजींनी जुने चारही बेल्ट उचलून खोपीत टांगले. कशाला, ते मी विचारलं नाही. विचारायची ताकद राहिली नव्हती.

पुढच्या अमावस्येला मी पुन्हा गेलो. अक्काने पत्र्याला हळद-कुंकू लावलं, फूल चिकटवलं, नारळ फोडला. चरक सुरू झाला. बेल्ट गप्प. सगळे चहाला वळल्यावर मी जाळीचे बोल्ट एकेक करून बोटांनी चाचपून बघितले. ढिले नव्हते. मान वर केली तर अक्का बघत होती.

"इस्वास न्हाय व्हय माझ्यावर?"

मी काहीतरी पुटपुटलो, बोल्ट कंपनाने सैल होतात वगैरे. ते खरंही आहे. पण ते खरं कारण नव्हतं आणि ते तिला कळलं. ती आत गेली. मला वाटलं, रागावली. थोड्या वेळाने एक पाना घेऊन आली, जाळीच्या बोल्टांचा, आणि माझ्या हातात ठेवला.

"ह्यो घिऊन जा. हितं असला की कोन ना कोन उघडतंय. मीच उघडीन एकाद्या आवसंला. सवय हाय हाताला."

मी घेतला. घेताना लाज वाटली, पण घेतला.

एवढं होऊनही माझी सुटका झालेली नाही. नवा बेल्ट चालून थोडा सैल पडतो, त्याला पुन्हा ताण द्यावा लागतो. हे मला माहीत असायला हवं होतं, किंबहुना मीच गिऱ्हाइकांना हे सांगत असतो. पाना घेऊन आल्यावर थोड्याच दिवसांत दाजींचा फोन.

"पावणं, पाना कुठं हाय?"

"अक्कानं माझ्याकडं दिलाय."

"मग बेल्ट कोन ताणायचा?"

"मी येतो."

"आता? ऊस चरकात हाय."

"येतो म्हटलं ना."

गिऱ्हाइकं सोडून, शटर ओढून मी निघतो. हमरस्त्यावर ट्रकांच्या मागे अडकून स्वतःलाच शिव्या घालतो. तसला पाना कागलच्या कुठल्याही दुकानात मिळतो आणि दाजींना ते माझ्याइतकंच ठाऊक आहे. अजून त्यांनी आणलेला नाही. फोन मात्र करतात, आणि फोनवर बडबडतात की असला कसला ड्राइव्ह, त्येच्यापायी कोल्हापुरातनं मानूस बोलवायला लागतंय.

मी जाळी उघडली की अक्का मेन स्विचचे तिन्ही फ्यूज काढते आणि पदरात घेऊन माझ्याशेजारी उभी राहते. हे मी तिला सांगितलेलं नाही. मी बेल्टवर अंगठा दाबून ताण बघतो, मोटर थोडी सरकवतो, पुन्हा दाबतो. पलीकडून गडी ओरडतो, "वैनी, लावू काय?" ती उत्तरच देत नाही. दाजी काहिलीकडे बघत येरझाऱ्या घालतात.

"झालं का रं?" ती विचारते. "सावकाश कर. त्यो वराडू दे."

मी चारही बोल्ट आवळतो, हाताने हलवून बघतो, तीही एकदा हलवून बघते, आणि मग फ्यूज लावायला जाते.